बाद फोल्डर

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी २२ वर्षं फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप सांभाळला. अंधारी खोली, एसीची घरघर, आणि काचपट्टीवर हिरवी चमकणारी पेशी. फोकस जमेपर्यंत डाय फिका पडायचा. विद्यार्थी म्हणायचे, "मॅडम, गेलं!" त्यामुळे क्वांटम डॉटची, म्हणजे चमकणाऱ्या अतिसूक्ष्म स्फटिकांची, पहिली कुपी आली तेव्हा मी हरखून गेले. हे कण फिके पडतच नव्हते. पण मेले लुकलुकायचे, काजव्यांसारखे. मी आधी दिव्याला दोष दिला, मग वायरिंगला, शेवटी स्वतःच्या चष्म्याला.

खोड कणांचीच होती, आणि १९९६मध्येच नोंदली गेली होती.

या कणांचं कूळ काचेच्या भट्टीतलं. लेनिनग्राडला अलेक्सेई एकिमोव यांनी कॉपर क्लोराइड घातलेली काच ५०० ते ७०० अंशांवर तासन्‌तास तापवली. कधी १ तास, कधी ९६. आत बसलेले स्फटिक २ ते ३० नॅनोमीटरचे. स्फटिक जितका बारीक, तितका शोषलेला प्रकाश निळ्याकडे सरके. हे १९८१चं. १९९३मध्ये एमआयटीत मुंगी बावेंडी यांच्या गटाने एकसारख्या मापाचे कण बनवले, आणि १९९८मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन गटांनी ते पेशींना लावून दाखवले.

पण सूक्ष्मदर्शकाला किती बारीक दिसेल याची वेस एर्न्स्ट आबे यांनी कधीच आखलेली होती, येनात, १८७३ साली. साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन दिवे भिंगाला एकच दिसतात. एकदम पेटले तर. पाळीपाळीने पेटले तर प्रत्येकाचा मध्य वेगळा काढता येतो. नोकरी सोडून वडिलांच्या यंत्र-कारखान्यात रमलेल्या एरिक बेत्सिग यांनी हॅरल्ड हेस यांच्या ला होयातल्या दिवाणखान्यात या कल्पनेवर सूक्ष्मदर्शक जुळवला. त्यांनी प्रकाशाने चालू-बंद होणारी प्रथिनं वापरली. निष्कर्ष २००६मध्ये छापून आले. (दिवाणखाना! आम्हाला साध्या टेबलासाठी तीन सह्या लागत.)

क्वांटम डॉटला मात्र बटण लागतच नाही, ते आपणहून लुकलुकतात. २००९मध्ये डर्टिंगर, एंडरलाइन आणि वाइस यांनी नेमकी तीच खोड कामाला लावली. ठिपक्यांची फिल्म घ्यायची, आणि प्रत्येक ठिकाणचा उजेड कसा कमीजास्त होतो याचं गणित मांडायचं; चित्र आपोआप रेखीव होतं.

त्यांचा लेख मी उभ्याउभ्याच वाचला. माझ्याकडे तशा फिल्मी होत्या, ढीगभर. 'बाद' नावाच्या फोल्डरात ठेवलेल्या. आदल्या दिवाळीत डिस्क भरली, तेव्हा सगळ्यात आधी मी तोच पुसला होता.