आपली वीत आणि पियानोची पट्टी

कामं आवरता आवरता ऐकत असाल, तर दोन मिनिटं हात मोकळे करा. उजवा पंजा पूर्ण पसरा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत भरते ती आपली वीत. परवाच्या बैठकीत आम्ही शिवणाच्या टेपने सगळ्यांच्या विती मोजल्या. एकीची सात इंच भरली, एकीची पावणेनऊ.

कारण असं घडलं, की गटातल्या एका ताईंची बारा वर्षांची लेक की-बोर्ड शिकते. पट्ट्या पियानोच्याच मापाच्या. तिला क्लासात सांगण्यात आलं, "तुझा हात लहान, हे तुला जमायचं नाही." पोर रडत घरी आली. आम्ही म्हटलं, हे माप ठरलं तरी कसं, ते पाहू या.

पियानो घडला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये, १७०० च्या सुमारास. घडवणारा कारागीर बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी. त्या शतकात सगळ्या कारागिरांचं माप एक नव्हतं. पुष्कळ पियानोंच्या पट्ट्या आजच्याहून थोड्या अरुंद असत. पुढे मोठी सभागृहं आली, पियानोला लोखंडी चौकट आली, आवाज वाढला, पट्ट्या जड झाल्या. एकोणिसावं शतक संपता संपता माप पक्कं झालं ते सप्तकाला साधारण साडेसहा इंच.

युरोपातल्या मध्यमवर्गीय घरांत तेव्हा पियानो शिकायच्या त्या प्रामुख्याने मुली. मोठ्या मंचावर मात्र बहुतेक पुरुष, आणि ते रचना करत त्या आपल्या हाताला बेतून. अलीकडे ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी पियानोवादकांचे हात मोजले, तेव्हा बायकांची वीत पुरुषांपेक्षा सरासरी सुमारे एक इंचाने कमी भरली. म्हणजे अडचण एकट्या आपल्या पोरीची नाही.

रशियाचे सर्गेई रखमानिनोव यांचा पंजा प्रचंड होता. त्यांच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्तोच्या सुरुवातीला, घंटा वाजाव्यात तशा कॉर्ड येतात. कॉर्ड म्हणजे तीन-चार स्वर एकदम दाबणं. इथे डाव्या हाताला दहा पांढऱ्या पट्ट्यांचा पल्ला गाठावा लागतो. मग लहान हाताचे वादक काय करतात? खालचा स्वर क्षणभर आधी घेतात, पायातल्या पेडलने तो धरून ठेवतात आणि वरचे स्वर लगेच वाजवतात. आणखीही वाटा आहेत. खालचा 'सा' आणि वरचा 'सा' दोन्ही असतील, तर मधला एखादा दुहेरी स्वर सोडता येतो. एका हाताला न पोहोचणारा स्वर दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने घेता येतो. शेजारच्या दोन पांढऱ्या पट्ट्या एकाच अंगठ्याने दाबता येतात. ही लबाडी नव्हे, नावाजलेले वादकही असंच करतात.

हात मात्र दुखेपर्यंत ताणू नये. रखमानिनोव यांच्याबरोबर शिकलेले अलेक्झांडर स्क्रियाबिन लहान हाताचे. अवघड रचनांचा अतोनात सराव करून त्यांनी उजवा हात दुखावून घेतला. १८९४ मध्ये त्यांनी फक्त डाव्या हाताने वाजवायच्या दोन रचना लिहिल्या, त्या याच दुखण्यातून.

आता एका बाईंची गोष्ट. बार्सिलोनात १९२३ मध्ये जन्मलेल्या अलिसिया दे लारोचा. उंची पाच फुटांहून कमी, हातही लहान. त्यांनी अल्बेनिथ यांची 'इबेरिया' ही फार अवघड रचना जगभर गाजवली, आणि रखमानिनोव यांचा तो कॉन्चेर्तोही ध्वनिमुद्रित केला.

दुसरी गोष्ट पुरुषाची. योसेफ हॉफमन हे मोठे वादक, पण हात लहान. स्टाइनवे कंपनीने त्यांच्यासाठी किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो करून दिले. इथे आम्ही थांबलो. ब्लाउज अंगाला होत नसेल तर आपण ब्लाउज उसवतो, अंगाला दोष देत नाही. मोठ्या वादकासाठी पट्टी बदलता आली, मग मुलींनाच का सांगायचं, की तुमचा हात चुकीचा? अलीकडे कॅनडाचे ख्रिस्तोफर डॉनिसन आणि अमेरिकेचे डेव्हिड स्टाइनब्युलर यांनी सप्तकाला साडेपाच आणि सहा इंच अशा मापांच्या पट्ट्या तयार केल्या. पण त्या अजून दुर्मीळ आहेत, आपल्या पोरीपर्यंत केव्हा पोहोचतील कोण जाणे.

तोवर वाटा आहेतच. ताईंच्या लेकीने आता मधला 'सा' सोडून कॉर्ड धरली आहे. मनगट दुखलं की ती थांबते, असं आम्ही तिच्याकडून कबूल करून घेतलंय. तुमच्या घरात कुणी मुलगी वाजवत असेल, तर तिची वीत मोजा आणि ही वाट तिला सांगा. हात लहान म्हणून कुणी तिला उठवून लावलं, तर तिच्या बाजूने बोलायला आपणही जाऊ या.