अर्थ न बदलता : लिनक्सच्या संहितेतील सफाई

मुद्रितशोधकाचे नाव पुस्तकावर क्वचितच येते. संगणकीय संहितेत मात्र ते येते, आणि तेही मूळ लेखकाच्या नावावर बसते. लिनक्सचा इतिहास चाळताना आम्हांला सर्वाधिक कुतूहल वाटले ते याचे.

लिनस टोर्वाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत सुरू केलेली ही संहिता कोणालाही वाचता येते, दुरुस्तही करता येते. दुरुस्ती 'पॅच'च्या रूपात पाठवायची : गाळलेल्या ओळीपुढे उणे चिन्ह, घातलेल्या ओळीपुढे अधिक. असा पॅच मूळ प्रतीला लावून देणारी आज्ञावली लॅरी वॉल यांनी १९८५ साली लिहिली. हे गृहस्थ भाषाशास्त्र शिकलेले होते, हे आपल्या वाचकांना आवडावे.

संहितेत काही वर्तन न बदलता केवळ रिकाम्या जागा, समास, नावे नीट करणारे पॅच नवख्यांचे प्रवेशद्वार ठरले. स्वतःला 'कर्नल जॅनिटर्स' म्हणवणारा एक गटच तेथे होता. (झाडूवाल्यांचे नाव आपल्याकडे कोणी इतक्या हौसेने घेतले असते काय?) २००७च्या सुमारास मांडणी तपासणारी 'चेकपॅच' आज्ञावली आली; २००८ साली कच्च्या संहितेसाठी 'स्टेजिंग' हा वेगळा विभाग निघाला, आणि हात बसवायला जागा मिळाली.

पण यंत्राने दाखवलेली चूक प्रत्येक वेळी चूक असतेच असे नाही. ओळ ८० अक्षरांत बसवण्यासाठी वाक्ये अशी मोडली जात की ती वाचवेनात. अखेर २०२० साली चेकपॅचची मर्यादा १००वर नेण्यात आली.

सफाई आणि अर्थबदल एका पॅचमध्ये आणायचे नाहीत, हा तेथला कडक दंडक. दोनशे ओळींच्या रिकाम्या जागांत बदललेली एक अट तपासनिसाच्या नजरेतून सहज निसटते. शिवाय त्याच ओळींवर दुसऱ्या कोणाचे काम चालू असेल, तर त्याचा पॅच लागेनासा होतो. सफाईची ही किंमत दुसराच मोजतो.

आणखी एक हानी इतिहासाची. २००५ साली आलेल्या 'गिट'मध्ये प्रत्येक ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला हे सांगणारी आज्ञा आहे. तिचे नावच 'ब्लेम'. सफाईनंतर तेथे सफाई करणाऱ्याचे नाव दिसते. ओळ मुळात का लिहिली गेली हे सांगणारी नोंद एक थर खाली जाते. २०१९ साली गिटमध्ये सोय झाली : सफाईच्या नोंदींची यादी दिली की त्या ओलांडल्या जातात आणि जुना लेखक पुन्हा वर येतो. सफाई करणारा तेवढ्यापुरता पुन्हा निनावी होतो.