बांधकामाची माती आणि मेरीलंडचे ओढे

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील मेरीलंड राज्यांत घरांच्या वसाहती झपाट्यानें वाढूं लागल्या. झाडें तोडून जमीन उघडी पडे. मग एखादी मुसळधार सर येई आणि मोकळी माती ओढ्यांत लोटून देई. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे गॉर्डन वोल्मन आणि त्यांचे सहकारी शिक यांनीं १९६७ मध्यें याचीं मापें प्रसिद्ध केलीं. शेतीच्या एका चौरस मैलावरून वर्षाला कांहीं शें टन गाळ वाहून जाई. बांधकामाच्या जागेवरून मात्र हजारों टन! एरव्हीं सारा दोष बिचाऱ्या नांगराच्या माथीं येतो. १९७० मध्यें राज्यानें कायदा केला. खोदकामाआधीं गाळ रोखण्याची योजना मंजूर करून घेणें आवश्यक ठरलें. उपाय साधेच: एका वेळीं थोडीच जमीन उघडावी, तीवर वाळलेलें गवत पसरावें, पाणी तळ्यांत थोपवून गाळ बसूं द्यावा. तें तळें मात्र वेळेवर उपसावें लागतें.