कुपी आणि डबी

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला शेंदूरजनाघाट हा कसबा आज ओळखला जातो तो संत्र्याच्या कलमांसाठी. आणि अशाच एका कलमांच्या वाडीत, जंबेरीच्या खुंटावर डोळे भरणाऱ्या मालकाच्या ओसरीवर मला जी पितळी डबी पाहावयास मिळाली, तिनेच हे लेखन आरंभिले. डबी रुपयाहून थोडी मोठी, झाकण आट्यांचे, कडा बोटांनी घासून गुळगुळीत झालेल्या आणि बुडाशी एक पोचा. ती त्याच्या आजोबांची तपकिरीची डबी. धोतराच्या कनवटीला खोचलेली, दिवसातून वीस वेळा बाहेर निघणारी, आणि चिमूट भरण्यापूर्वी झाकणावर दोन टिचक्या मारून घेण्याचा तिचा एक ठरीव विधी होता. कारण झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटलेली पूड खाली पडल्याखेरीज डबी उघडली, तर निम्मी तपकीर उपरण्यावर सांडावयाची.

तपकीर म्हणजे तंबाखूच्या पानाची पूड, आणि तंबाखू हा पोर्तुगिजांनी या देशात आणलेला जिन्नस. १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग याने तो विजापुराहून नेऊन बादशहापुढे रुजू केला, म्हणजे आग्र्याच्या आधी दख्खनला त्याची ओळख झाली होती. जहांगीराने १६१७ साली मनाईचे फर्मान काढले. फर्मान दप्तरात राहिले आणि तंबाखू मुलखात पसरला.

त्याच पानाची पूड जेझुइट पाद्र्यांच्या हातून पेकिंगला पोचली, तेव्हा तिचे भाग्य वेगळ्याच रीतीने उघडले. मांचू सम्राट कांग्शी याने १६९६ साली किलियन श्टुम्फ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली राजवाड्याचा काचकारखाना उभारला आणि तेथे तपकिरीसाठी इवल्याशा कुप्या होऊ लागल्या. युरोपियन सरदारांजवळ उघडमिटीच्या सोनेरी डब्या असत. चिनी हवेच्या दमटपणात अशा डबीतली पूड गोळा होऊन बसे, शिवाय चिनी लोकांच्या पोशाखाला आपल्या कोटासारखे खिसे नसत. औषधाची अरुंद गळ्याची कुपी मात्र त्यांच्या घरोघरी होती. तीच तपकिरीला लावली, बुचाच्या आतल्या टोकास हस्तिदंताचा बारीक चमचा जडविला, आणि झाले.

या कुपीचे कोरीव काम समजावून घेण्यासारखे आहे. प्रथम दुधाळ पांढऱ्या काचेची पोकळ कुपी फुंकावयाची. ती लाल किंवा निळ्या वितळलेल्या काचेत बुडवून तिच्यावर दुसरे अंग चढवावयाचे. आणि मग ओल्या कठीण भुकटीने घासणाऱ्या, फिरत्या चाकावर धरून वरचा रंग इतक्या नेमकेपणाने काढावयाचा, की पांढऱ्या जमिनीवर लाल कमळे, मासे वा वटवाघळे उठून दिसावीत. येथे छिन्नी नाही, घासणे आहे. आणि एक चूक झाली की अनेक दिवसांचे श्रम व्यर्थ जावयाचे. चिएनलुंग सम्राटाच्या (१७३६–१७९५) काळात हे काम ज्या उंचीला गेले, तिथून ते हळूहळू खालीच आले असे मला वाटते. एकोणिसाव्या शतकात वाकड्या कुंचल्याने काचेच्या आतून चित्रे काढण्याची जी तऱ्हा निघाली, ती मोठ्या कौशल्याची खरी, पण तिच्यात करामत अधिक.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात (पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमात) अशा कुप्या पाहावयास मिळतात, त्या सर रतन टाटा (मृत्यू १९१८) आणि सर दोराबजी टाटा (मृत्यू १९३२) या बंधूंच्या संग्रहांमुळे. हा योगायोग नव्हे. पारशी व्यापाऱ्यांनी मुंबईहून कापूस आणि अफू कँटनला नेली व तिकडील चिनी मातीची भांडी, रेशीम नि चिजा घरी आणल्या; जमशेदजी टाटा स्वतः १८५९ साली हाँगकाँगला गेले होते. त्या व्यापाराचा एक धागा आमच्या वऱ्हाडाशीही जुळतो. १८२५-२६ मध्ये विकाजी आणि पेस्तनजी या पारशी सावकारांनी येथून पाचशे बैलांवर कापूस लादून मुंबईस धाडला, आणि तीच वऱ्हाडच्या कापसाची पहिली मोठी निर्यात म्हणून नोंदली गेली.

चीनमध्ये १९११-१२ साली राजवट कोसळली, मांचू घराण्यांनी पोटासाठी संग्रह विकावयास काढले, सिगारेटीने तपकीर मागे सारली, आणि कुपी हातातून सुटून कपाटात गेली. आमच्या डबीचे असे काही झाले नाही. विडी आली, पुढे सिगारेट आली, आणि डबी किलोच्या भावाने मोडीत गेली. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आडकित्ते नि दिवे जमविले, ही केवढी दूरदृष्टी! वऱ्हाडात तशी नजर कोणास लाभली असती, तर निदान पन्नास तऱ्हेच्या डब्या आज आपल्यापुढे असत्या. तूर्त मराठीत तपकिरीची एकच आठवण उरली आहे, तीही रंगाच्या नावात. शाळेतला मुलगा मातीला तपकिरी रंग देतो, तेव्हा त्या शब्दामागे कोणते व्यसन आहे हे त्याच्या गावीही नसते.

आजोबांची ती डबी नातवाने मात्र टाकली नव्हती. तीत तो जंबेरीचे निवडक बी ठेवी. मला दाखविण्यासाठी त्याने ती हाती घेतली, झाकणावर दोन टिचक्या मारल्या, आणि मग उघडली.