सहा टिंबांची मुळाक्षरे

पिंपरी-चिंचवडमधल्या एखाद्या नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ब्रेलची पट्टी असेल, तर तिच्यावरून बोट फिरवून पाहा. पहिल्या मजल्याच्या बटणाशी आधी चार टिंबांची खूण लागते, मग एकटे टिंब. खूण सांगते की पुढे आकडा आहे. खूण नसती तर तेच टिंब फ्रेंचमध्ये पहिले अक्षर झाले असते आणि मराठीत ‘अ’. हे कसे घडले?

लुई ब्रेलचा जन्म १८०९ सालचा, पॅरिसजवळच्या कूपव्रे गावचा. वडील खोगिरे बनवीत. तीन वर्षांचा असताना त्यांचे टोकदार हत्यार लुईच्या डोळ्यात घुसले. पुढे दोन्ही डोळे गेले. पॅरिसच्या अंधशाळेत त्याला बार्बिये यांची बारा टिंबांची पद्धत समजली. ती उच्चार लिहीत असे, शब्दांची अक्षरे नव्हे. फ्रेंचमध्ये मात्र ‘हिरवा’, ‘काच’, ‘कडे’ आणि ‘अळी’ या अर्थांचे चार शब्द कानाला एकच वाटतात. लिहितात चार तऱ्हांनी. लुईने टिंबे सहावर आणली आणि प्रत्येक अक्षराला स्वतंत्र खूण दिली. १८२४ साली तो पंधरा वर्षांचा होता. १८२९ मध्ये पद्धत छापली गेली.

तिची रचना सोपी आहे. पहिली दहा अक्षरे वरच्या चार टिंबांत बसतात. डावीकडचे खालचे टिंब वाढवले की पुढची दहा. खालची दोन्ही वाढवली की तिसरी ओळ. फ्रेंचमधल्या चिन्हांकित अक्षरांनाही स्वतंत्र घरे मिळाली. डब्ल्यूची त्या काळच्या फ्रेंचला गरज नव्हती. म्हणून ते अक्षर इंग्रजी ब्रेलमध्ये आजही ओळीबाहेर आहे.

भारतात पूर्वी अनेक ब्रेल पद्धती होत्या. एका प्रांताचे पुस्तक दुसऱ्या प्रांतातल्या अंध वाचकाला परके असे. १९५१ साली भारती ब्रेल ठरली : भाषा कोणतीही असो, ‘क’ची खूण एकच. छापील ‘कि’मध्ये वेलांटी आधी येते, ब्रेलमध्ये आधी ‘क’, मग ‘इ’. म्हणजे डोळ्याला दिसतो तो क्रम नव्हे, उच्चाराचा क्रम. जोडाक्षराआधी एक टिंबाची वेगळी खूण येते. याच लिपीत २००८ पासून ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी पाक्षिक निघू लागले.

आता फोन धडा वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला, असे काही शिक्षक विचारतात. त्यांनी वर्गात ‘दिन’ आणि ‘दीन’ हे शब्द मोठ्याने वाचून पाहावेत. बोलण्यात फरक उरत नाही. ब्रेलमध्ये मात्र ‘इ’ची तिरपी दोन टिंबे एक घर खाली सरकली की ‘ई’ होते, आणि तो फरक बोटाला कळतो. जो विद्यार्थी केवळ ऐकतो, त्याला शब्द कळतो. तो लिहायचा कसा, हे कळत नाही. बार्बिये यांच्या पद्धतीत पंधरा वर्षांच्या लुईला हीच उणीव जाणवली होती.