टी-स्क्वेअर ते माऊस

१९८६ साली मी आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिलला प्रवेश घेतला. दोन वर्षांचा कोर्स. पहिले कित्येक दिवस फक्त अक्षरं गिरवली. हाताशी टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि शाईचं रोट्रिंग पेन. रेघ चुकली की ब्लेडच्या टोकाने अलगद खरवडायची. जरा जोर झाला की कागदाला भोक आणि अख्खी रात्र वाया. प्रती अमोनियावर निघत, डोळे झोंबत. संगणकावर नकाशे काढायचं ऑटोकॅड अमेरिकेत १९८२ सालीच आलं होतं; आमच्या ऑफिसात ते पोचेस्तोवर नव्वदचं दशक सरत आलं. तिशीत मी पुन्हा विद्यार्थी झालो, संध्याकाळच्या क्लासला. चूक आता एका बटणाने पुसली जाते. पण भिंत नऊ इंची की साडेचार, हे आजही माणसालाच ठाऊक असावं लागतं.