कोको : ऐंशी अंकांचे आयुष्य

स्कॉटलंडमधील डंडी शहरातील डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेने ४ डिसेंबर १९३७ रोजी ‘डँडी’ आणि ३० जुलै १९३८ रोजी ‘बीनो’ ही कॉमिक्स, म्हणजे प्रामुख्याने विनोदी चित्रमालिकांनी भरलेली मुलांची साप्ताहिके, सुरू केली, हे या विषयाच्या अभ्यासकांना ठाऊक असते. परंतु त्यांच्या पाठोपाठ २२ जुलै १९३९ रोजी अधिक लहान वयाच्या वाचकांसाठी निघालेले ‘मॅजिक’ हे तिसरे भावंड आणि त्याच्या मुखपृष्ठावरील कोको नावाचे कुत्र्याचे पिल्लू यांची आठवण फारशी कोणाला उरलेली नाही.

मुखपृष्ठावर एखादा प्राणी नायक म्हणून बसवायचा, हा या संस्थेचा त्या काळातील ठरलेला प्रघात होता. ‘डँडी’वर कॉर्की हे मांजर होते, ‘बीनो’वर बिग एगो हा शहामृग होता आणि ‘मॅजिक’चे ते स्थान चित्रकार ई. एच. बँगर यांनी रेखाटलेल्या कोकोकडे आले. हा प्रघात नुसत्या हौसेचा नव्हता, कारण ज्या मुलाला अजून नीट वाचता येत नाही त्यालाही प्राण्याची फजिती चित्रांवरून कळते आणि दुकानात मांडलेल्या अंकांतून आपला अंक त्या चेहऱ्यावरून ओळखता येतो. चित्रकारांना चित्राखाली सही करण्याची मुभा मात्र ही संस्था सहसा देत नसे, त्यामुळे मुलांना कोको ठाऊक झाला तरी बँगर हे नाव त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग नव्हता. कोकोच्या विस्मृतीत या अनामिकतेचाही वाटा आहे, असे मानावे लागते.

‘मॅजिक’चा पहिला अंक निघून जेमतेम सहा आठवडे झाले असता, ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. ब्रिटनचा कागद बऱ्याच अंशी स्कँडिनेव्हियातून येणाऱ्या लगद्यावर, म्हणजे लाकूड कुटून केलेल्या कच्च्या मालावर, अवलंबून होता. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केल्यावर ही आवक तुटली, सरकारी नियंत्रणाखालील कागदाचा वाटा आखडत गेला आणि नियतकालिके एकामागून एक बंद पडू लागली. बिली बंटर या शाळकरी पात्रामुळे घराघरांत पोहोचलेले, १९०८ पासून चाललेले लंडनचे ‘मॅग्नेट’ साप्ताहिकही मे १९४० मध्ये थांबले. जेथे तीन दशकांची लोकप्रियता पुरी पडली नाही, तेथे वर्षभराच्या कोकोचा निभाव लागणे कठीणच होते, कारण मिळणाऱ्या कागदावर एकाच संस्थेची अनेक साप्ताहिके जगवायची असताना, ज्याचा वाचकवर्ग अजून पुरता जमलेला नाही अशा धाकट्यावर प्रथम गदा येणे क्रमप्राप्त होते. २५ जानेवारी १९४१ चा अंक, अनुक्रमाने ऐंशीवा, ‘मॅजिक’चा शेवटचा ठरला.

कागद वाचल्याने थोरल्या दोघांची ओढाताण संपली असेही झाले नाही. त्याच वर्षी ‘डँडी’ आणि ‘बीनो’ आलटूनपालटून, एका आठवड्यात एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरे, असे पाक्षिक झाले आणि ही व्यवस्था १९४९ पर्यंत टिकली. रद्दी गोळा करून पुन्हा कागद बनवण्याच्या युद्धकालीन मोहिमेत मुलांनीही हिरिरीने भाग घेतल्यामुळे त्या काळातील कॉमिक्सचे जुने अंक मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले. कॉर्की १९८४ पर्यंत मुखपृष्ठावर राहिला, एगोने १९४८ मध्ये आपली जागा बिफो या अस्वलाला दिली. म्हणजे त्या दोघांचे भवितव्य वाचकांच्या बदलत्या आवडीने आणि संपादकांच्या निवडीने ठरले. कोकोला वाचकांनी नाकारले, असे म्हणण्यास आधार नाही; मुलांची आवड कसाला लागण्याआधीच कागदाच्या टंचाईने त्याचा निकाल लावला.

‘मॅजिक’चे नाव त्यानंतरही काही वर्षे टिकले ते वार्षिकाच्या, म्हणजे नाताळच्या भेटीसाठी निघणाऱ्या पुठ्ठाबांधणीच्या पुस्तकाच्या, शीर्षकात. १९४३ पासून १९५० पर्यंतच्या वर्षांसाठी हे वार्षिक ‘मॅजिक-बीनो बुक’ या जोडनावाने निघाले. १९५१ साठीच्या पुस्तकावर केवळ ‘बीनो’ हेच नाव छापले गेले.